रिकामा पट्टा

"एकदा सुरू झालं की मध्ये थांबवायचं नाही," असं मिस व्हेल्माने आधीच बजावलं होतं. तरी धम्मदीपने हात वर केला. फोन वाजला होता आणि रेकॉर्डिंग तुटलं होतं.

"सॉरी, मिस व्हेल्मा. एकच मिनिट."

ढोल थांबला. तळघरात एकाएकी गार वाटू लागलं.

धम्मदीप टेक्सासमधल्या अर्विंगच्या एका शाळेत संगीत शिकवायचा. रेगेच्या ठेक्याचं मूळ जमैकातल्या जुन्या ढोलांत आहे आणि तसा ढोल वाजवणारी एक जमैकन म्हातारी, मिस व्हेल्मा, हार्टफर्डला राहते, असं कळल्यावर उन्हाळ्याच्या सुटीत तो तिच्याकडे आला होता. घोड्यावर बसावं तशी ती आडव्या ढोलावर बसायची आणि टाच चामड्यावर दाबून आवाज खाली-वर करायची. हे वाजवणं मेलेल्यांना बोलवतं आणि परत पोचवतं, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं होतं.

आता ती त्याच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघत होती.

"कोणीतरी आलंय. मी अर्ध्यावर सोडलं, म्हणून अडकलंय. आमच्यातलं नाही."

त्याने वळून पाहिलं. जिन्यावर कोणी नव्हतं.

"सडपातळ म्हातारा आहे, अनवाणी," ती म्हणाली. "खांद्यावरून पट्टा घेतलाय. पण पट्ट्याला काही लटकत नाही."

धम्मदीपने पुन्हा जिन्याकडे पाहिलं. गावात कोणी मेलं की त्याचे आजोबा गळ्यात डफडं अडकवून प्रेतापुढे वाजवत चालायचे. जातीने नेमून दिलेलं काम. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन ते घरी आले आणि आधी डफडं चुलीत घातलं. ही गोष्ट त्याने अमेरिकेत कुणाला सांगितली नव्हती.

"तुझा आहे ना? मग तूच पोचव." ती ढोलावरून उतरली. "बस. वाजव."

"आमच्याकडे आता हे कोणी वाजवत नाही. त्यांनीच सोडलं होतं."

"मग तो तुझ्याबरोबर टेक्सासला येईल."

तो बसला. काय वाजवायचं ते ठाऊक नव्हतं, पण हात पडले आणि कधीच न शिकलेला एक ठेका आपोआप सुरू झाला. संथ, ओझं घेऊन चालणाऱ्या माणसांच्या पावलांसारखा. तो जेमतेम जमतोय तोच आवाज गेला. हात पडत होते, चामडं मुकं होतं. त्याने खाली पाहिलं. त्याची टाच चामड्याला लागलेलीही नव्हती.

"त्याने तळहात ठेवलाय," मिस व्हेल्मा हळूच म्हणाली. "नको म्हणतोय."

धम्मदीप उठला. जिन्याकडे तोंड करून ताठ उभा राहिला.

"जयभीम, आबाजी."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग जिन्याची खालची पायरी करकरली. मग तिच्या वरची. मग त्याही वरची.

शेवटच्या पायरीपर्यंत मिस व्हेल्मा कान देऊन ऐकत राहिली.

"साठ वर्षं मी माणसं पोचवतेय," ती म्हणाली. "न वाजवता गेलेला हा पहिलाच."