शटर खाली येईना

खडकीच्या फॅक्टरीत मी आयुष्यभर मशिनं सांभाळली. स्वतःच्या गॅरेजच्या शटरसाठी बाहेरचा माणूस बोलावणं माझ्या स्वभावात बसत नाही.

शटर मोटरवर चालतं. वाटेत कुणी उभं असेल, तर सेन्सरचा दिवा लाल होतो आणि शटर पुन्हा वर जातं. आज वाटेत कुणीच नव्हतं. तरी शटर कमरेपर्यंत खाली यायचं, दिवा लाल व्हायचा आणि शटर वर जायचं.

मी सेन्सर पुसला, सरळ केला, वायर बदलली. शेवटी नवा सेन्सर आणून बसवला. तोही लाल.

माझी बायको मेहरुन घराच्या आतल्या दारातून बघत होती. "अहो फॅक्टरीवाले, मेकॅनिकला फोन करू, की अजून अभिमान शिल्लक आहे?"

"झालंच," मी म्हणालो.

ती हसली. शटरखालच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "असं दारात उभं राहू नये. आत या, चहा टाकते."

दिवा हिरवा झाला. शटर सरसर खाली आलं आणि जमिनीला असं टेकलं, की फटीतून उजेडसुद्धा येईना.

मी पान्हा खाली ठेवला. छाती फुगली होती. हात पुसत मोठ्यानं म्हणालो, "बघितलंस? माझ्यापुढे एकही मशिन अजून टिकलेलं नाही."

मेहरुन तोवर स्वयंपाकघरात गेली होती. पातेल्याचा आवाज आला. मग तिचा आला, पाहुण्यांशी बोलतानाचा, मऊ.

"साखर किती घालू?"

लग्न झाल्यापासून मी बिनसाखरेचाच चहा पितो.