नऊ वाजून अकरा मिनिटं

कंपायलर चौथ्यांदा तेच म्हणाला: नवं काही नाही, सगळं आधीच झालेलं आहे.

समीक्षाने कपाळाला हात लावला नाही. ती तशातली नव्हतीच. कापसाच्या गाड्यांना नंबर देणारा हा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला होता, तोही लिनक्स या संगणक-प्रणालीवर, कारण ती फुकट मिळते. चूकही तिनेच पकडली होती. सकाळी काटापूजन झालं, नारळ फुटला, पहिली चिठ्ठी निघाली एक नंबरची. दुसरी निघाली, तीही एक नंबरची! दोन ओळींचं काम. तिने त्या दुरुस्त केल्या आणि कंपायलरला, म्हणजे लिहिलेल्या ओळींतून चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्याला, तो नव्याने बांधायला सांगितलं. पण तो हटूनच बसला, आणि मशीन पुन्हा एकचाच आकडा छापू लागलं.

बाहेर दिग्रसच्या रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. त्या साली व्यापाऱ्यांनी भाव असा पाडला होता की जो तो खरेदी केंद्रावरच येई. सगळ्यात पुढे फुलसावंगीचा धर्मपाल, परवापासून गाडीखाली झोपणारा. केंद्रप्रमुख देवीलाल दारातूनच सांगून गेला होता की बारापर्यंत वाट पाहू, मग नेहमीसारख्या हाताने चिठ्ठ्या लिहू. नेहमीसारख्या म्हणजे काय, हे धर्मपाललाही ठाऊक होतं. ओळखीपाळखीचे पुढे, बाकीच्यांनी उद्या या. हेच मोडायला समीक्षाने दोन महिने घातले होते. आज मशीन अडलं असतं तर पुन्हा कोणी ते त्या खोलीत ठेवू दिलं नसतं.

"सापडते, कुठं जाते," असं स्वतःशीच म्हणत तिने फाइल पुन्हा उघडली. दुरुस्ती जागच्या जागी होती. ऑपरेटर कपिल तिच्याकडे न बघता प्रिंटरमधला कागद सरळ करत होता. तो आधीच सरळ होता.

शेजारी तिचे वडील उभे होते, पुंडलिकराव. तीस वर्षं याच काट्यावर कापूस तोलणारे मापारी. आज काटा त्यांनीच पुजला होता आणि जाता जाता कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं होतं. एरवी त्यांचं तोंड क्षणभर बंद नसे. आता मात्र ते नुसतं मनगटावरचं घड्याळ फिरवत होते.

"बाबा, बारा वाजाले किती वेळ हाय?"

पुंडलिकरावांनी मनगटाकडे पाहिलं, मग पडद्याच्या कोपऱ्याकडे.

"कोणच्या घड्याळात?"

समीक्षाने कोपऱ्यात पाहिलं. नऊ पन्नास. वडिलांच्या मनगटावर बाराला दहा कमी. तिला रागही आला आणि हसूही. प्रोग्रॅम तिने सकाळी साडेदहाला बांधला होता. मशीनच्या लेखी दुरुस्ती होती त्याच्याही आधीची, पावणेदहाची. कंपायलरला वेळेवरूनच कळायचं, काय नवं आणि काय जुनं. दुरुस्ती जुनी, प्रोग्रॅम नवा, मग पुन्हा बांधायचा कशाला? बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तिने घड्याळ खरं केलं, फाइल पुन्हा सेव्ह केली. आता कंपायलर मुकाट चालला. एक, दोन, तीन, चार. चिठ्ठ्या निघत गेल्या. एक नंबरची धर्मपालच्या हातात पडली तेव्हा बाराला चार मिनिटं होती. देवीलाल दारातून आला तसा परत गेला.

मग तिने कपिलला विचारलं, मशीनचं घड्याळ दोन तास मागे कोणी केलं. त्याने नुसतं पुंडलिकरावांकडे बोट दाखवलं. त्यांनीच त्याला तसं करायला सांगितलं होतं, पूजेआधी ती गाड्या मोजायला बाहेर गेली तेव्हा.

"कायले पण, बाबा?"

पुंडलिकरावांनी खिशातून पूजेच्या वेळची पहिली चिठ्ठी काढली. कुंकवाच्या बोटांखाली वेळ छापली होती: नऊ वाजून अकरा मिनिटं.

"मुहूर्त हा होता. पाहुणे आले दोन घंटे उशिरा. काटा जुना हाय, त्याले चालते. तुह्या मशीनचा पयला दिवस होता, पोरी."

समीक्षाने ती चिठ्ठी हातात घेतली. रांगेत पुढे घुसणाऱ्या प्रत्येकाचा बंदोबस्त तिने त्या प्रोग्रॅममध्ये केला होता. लेकीसाठी दोन तास मागे जाऊन नंबर लावून येणारा बाप तेवढा तिच्या ध्यानात आला नव्हता.