भरावाखालचं वल्हं

नदी गाळ आणत राहिली, आम्ही राडारोडा ओतत राहिलो. तळं मागं सरलं, तसं त्याच भरावावर घर बांधलं.

आज दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीखाली ठोके सुरू झाले, नावेच्या फळीवर वल्हं आपटावं तसे. आम्ही मधल्या खोलीत पळालो. ठोके मागोमाग आले. शेवटी मागच्या खोलीत शिरलो. तिला दुसरं दार नाही.

बाबांचा अख्खा जन्म या तळ्यात मासे धरण्यात गेला. ते फरशीला कान लावून म्हणाले, "मासे असेच हाकतात रे. घाबरून जिकडं पळतात, तिकडंच जाळं असतं."

"आणि ओढतात कधी?" बायकोनं विचारलं.

"ठोके थांबले की."

खालचे ठोके थांबले.

तेव्हापासून आम्हीच फरशीवर मुठी आपटतोय. हात सोलून निघालेत, आणि बाबा दमत चाललेत.