वाढीव घरपट्टी

"म्हणजे मी गोळ्या विकून घर बांधायचं आणि घरपट्टी दुसऱ्यांच्या घरांसाठी भरायची?" औषधवाल्याने दार अर्धंच उघडलं होतं.

"शेकडा दोन वाढ आहे," दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तो पैसा वेगळा राहणार. त्यातून कमी भाड्याची घरं बांधायची. दुसरीकडे वळवता येणार नाही."

"पालिकेवर तुमचा विश्वास आहे?"

"नाही. म्हणून तर यावर लोकांचं मतदान मागतोय. त्यासाठी ही सही हवी."

सिस्टरांच्या मागे प्लंबर उभा होता. बायको, दोन मुली आणि सासू यांच्यासह तो दीड खोलीत राहायचा, आणि घरमालकाने आता तीही सोडायला सांगितली होती. गेला दीड महिना दर रविवारी दोघं दारोदार फिरत होते. बोलायच्या त्या, यादी धरायचा तो.

"तुमचं काय जातंय सिस्टर?" औषधवाला म्हणाला. "तुम्हाला पेन्शन आहे."

"माझं दोन मजली घर आहे. तुमच्यापेक्षा मलाच जास्त भरावं लागेल. माझा मुलगा बेकरीत कामाला होता. भाडं परवडेना म्हणून गाडीत झोपायचा. मागच्या थंडीत न्यूमोनियाने गेला."

औषधवाल्याने दार पूर्ण उघडलं आणि पेन मागितलं.

प्लंबरने ही वाक्यं शेकडो वेळा ऐकली होती. दर वेळी तीच, त्याच क्रमाने, वॉर्डात पेशंटचा ताप सांगावा तशी. सुरुवातीला त्याला वाटायचं, बाई दगडाची आहे. मग वाटलं, इतकं रडून झालं असेल की आता काही उरलंच नसेल.

फक्त एका ठिकाणी त्या गेल्या नाहीत. स्वतःच्या गल्लीत.

"तिथल्या वीस सह्या सहज मिळतील," प्लंबर म्हणाला होता.

"तिथल्यांना माहीत आहे सगळं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वस्तीकडे वळल्या. शेजारी भावनेच्या भरात सही करतील, ते त्यांना नको असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

मतदानाआधी पालिकेच्या सभागृहात जाहीर सभा झाली. घरमालकांच्या बाजूने बोलणारा म्हणाला, "ज्याला हे शहर परवडत नाही, त्याने परवडेल तिथं जावं." अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

मग सिस्टर उठल्या आणि तीच वाक्यं बोलल्या. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं, "तुमच्याकडे का नाही राहिला तो?"

शेजारच्याने तिचा हात दाबला.

"बत्तीस वर्षांचा होता," सिस्टर म्हणाल्या. "या वयात किती वेळा मागायचं आईकडे?"

ती बाई मान खाली घालून बसली. सभा संपल्यावर तिनेच दारापाशी सिस्टरांचे हात धरून माफी मागितली. सिस्टरांनी ते धरू दिले.

प्रस्ताव एकशे बारा मतांनी मंजूर झाला. निकाल ऐकून प्लंबर पालिकेच्या पायरीवर बसून रडला. सिस्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पाण्याचा ग्लास आणून दिला.

पंधरा दिवसांनी तो कागदांची फाइल घेऊन त्यांच्या घरी आला. दीड खोली सोडायला आणखी मुदत मिळाली होती. त्याने दाढी केली होती.

"सिस्टर, पहिल्या इमारतीला तुमच्या मुलाचं नाव द्यायचं ठरलंय. सगळ्यांनी एकमताने ठरवलं."

"नको."

"नाही म्हणू नका. तुम्ही नसता तर औषधवाल्याने दारसुद्धा उघडलं नसतं. आणखी एक आहे. तो जिथं गेला तिथं पालिका एक बाक ठेवणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, इथं एक माणूस थंडीत होता आणि कोणी विचारलं नाही. इंजिनियरला जागा हवी आहे. त्याची गाडी कुठं उभी असायची?"

सिस्टरांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"इथं," त्या म्हणाल्या. "फाटकासमोर."

प्लंबरने खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याला वाटलं, त्यांना प्रश्न नीट कळला नाही.

"तुम्ही गावाला गेला होता का तेव्हा?"

"नाही. इथंच होते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो बेल वाजवायचा," मोठ्या सिस्टर ताप सांगावा तशा म्हणाल्या. "अकरा दिवस. मी दाराच्या आत उभी राहायचे, श्वास धरून. घरात कोणी नाही असं त्याला वाटावं म्हणून."