आतल्या पट्ट्या

"हे काय आहे, वहिनी?"

कारखान्याच्या मालकाने घडी घातलेला कागद तिच्या बाकावर आपटला. कागदावर गिटारीची वरची फळी आतल्या बाजूने आखलेली होती. फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या पानाच्या शिरांसारख्या पसरल्या होत्या.

"माझी रचना," वहिनी म्हणाली. हातातली पटाशी तिने खाली ठेवली नाही.

"आपल्याकडे पट्ट्यांची कातरी असते. दोन पट्ट्या एकमेकींवरून तिरक्या. बाबांनी घालून दिलंय ते."

"मामंजींच्या वेळी लाकूड वेगळं मिळायचं, भाऊजी."

नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला आणि तेराव्या दिवसानंतर नव्हे, चौथ्याच दिवशी ती या मागच्या खोलीत त्याच्या जागेवर येऊन बसली. पट्ट्या तासायच्या, चिकटवायच्या, मागची फळी बसवून पोट बंद करायचं. भाऊजी इकडे क्वचित फिरकत. तयार झालेली प्रत्येक गिटार मात्र ते स्वतः ऐकत आणि मगच शिक्का मारत.

"कागद फाडा. विषय संपला."

"फाडते. आधी एकदा ऐका. एकाच लाकडाच्या दोन गिटारी करते. एकीत मामंजींची कातरी, दुसरीत माझ्या शिरा. माझी हरली तर या बाबतीत पुन्हा तोंड उघडणार नाही."

"अडून बसायची सवय काही जात नाही तुमची."

"नाही जात."

दोन महिन्यांनी नेहमीच्या वादकाने पडद्याआडून एकच चाल दोन्ही गिटारींवर वाजवली. पहिली ऐकताना भाऊजींच्या कपाळावर आठी पडली.

"नाक दाबून बोलल्यासारखी. ही तुमची."

दुसरी वाजली आणि त्यांनी डोळे मिटले. चाल संपली तरी उघडले नाहीत.

"हा बाबांचा आवाज. झोपेतही ओळखेन."

"आरसा आणि दिवा आणते. आत बघून खात्री करून घ्या."

"बाबांना ओळखायला मला आरसा लागत नाही, वहिनी."

तिने वाद घातला नाही. "म्हणजे आजवर चाललंय तसंच चालू द्यायचं?"

"अगदी तसंच. एका पट्टीचाही फरक नको."

"लिहून द्या. उद्या कोणी येऊन मला शहाणपण शिकवायला नको."

त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, खाली सही केली. मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका."

"नाही घेत."

नापास गिटार काखेत मारून वहिनी मागच्या खोलीत आली. मालकाचा हुकूम तिने बाकासमोरच्या भिंतीवर डकवला आणि गिटार कोपऱ्यात उभी केली. नऊ वर्षांत त्या खोलीत तयार झालेली, मामंजींच्या कातरीची ती पहिलीच गिटार होती.