सोळावी काच

हेडमास्तरांनी खिशातला रुमाल ओला करून काच घासली. कागदाची पट्टी निघाली नाही. मग नखाने खरवडली. तरी निघाली नाही, नुसतं नख दुखलं.

"बघा तुमच्या भाचीचा पराक्रम," ते म्हणाले.

मावशी बघतच होती. निरोप मिळाल्याबरोबर लाँड्रीतून तशीच उठून आली होती, हाताला इस्त्रीची धग अजून होती. भाचीला, त्या बुटकीला, आधी दोन ठेवून द्यायच्या आणि मग काय झालं ते विचारायचं, हे वाटेतच ठरलं होतं. पण वर्गाच्या दारात आली आणि हात जिथल्या तिथे राहिला.

चार खिडक्या, एकेकीला चार काचा. लढाईत सगळ्या फुटल्या, आणि लढाई संपून आठ महिने झाले तरी तिथे फळ्याच ठोकलेल्या होत्या. हेडमास्तरांनी दहा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे काल नव्या काचा बसल्या. आणि आज सकाळी शिपाईमामाने कुलूप काढल्यापासून घंटा होईपर्यंत त्या अकरा वर्षांच्या टीचभर पोरीने, बाकावर बाक चढवून, काचांवर कागदाच्या फुल्या चिकटवल्या होत्या. लढाईत घरोघर चिकटवायचे तशाच, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. काच फुटली तरी अंगावर उडू नये म्हणून.

मावशीने जवळ जाऊन हात फिरवला. एक सुरकुती नाही, एक फुगा नाही. कागद वहीचे, पानाला पान जोडलेले. वास ओळखीचा. लाँड्रीतलं खळीचं पातेलं काल संध्याकाळपासून सापडत नव्हतं, आणि त्यावरून तिने इस्त्रीवाल्याला नको नको ते ऐकवलं होतं.

ही विद्या पोरीला तिनेच दिलेली. आता कुणाला काय बोलणार?

हेडमास्तरांचं चालूच होतं. आवाज चढवत नव्हते. लढाईपासून या शाळेत कोणीच चढवत नाही. पण हळू बोलूनही माणसाला झोडपता येतं. लढाई संपली हे हिला घरात कोणी सांगितलं नाही का? हिचं पाहून बाकीची मुलं घाबरतात. असंच चालायचं असेल तर हिला घरीच ठेवा.

गावात शाळा ही एकच. घरी ठेवायचं म्हणजे लाँड्रीच्या मागच्या खोलीत, धुवायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, दिवसभर भिंतीकडे तोंड करून. मावशीने ते सहा महिने पाहिलं होतं. पुन्हा पाहायची तिची ताकद नव्हती.

वर्गाच्या बाई इतका वेळ खडू चाळवत उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या की काल काचा बसल्या तसा अख्खा वर्ग आतल्या भिंतीला चिकटून बसला होता, एक मूल खिडकीपाशी जाईना. आज सगळे आपापल्या बाकावर आहेत.

हेडमास्तरांनी वळून पाहिलं. होते खरे.

तेवढ्यात मावशीचं लक्ष शेवटच्या खिडकीकडे गेलं. खालची एक काच कोरी होती. तिच्या शेजारच्याच बाकावर बुटकी, दप्तर काचेच्या बाजूला उभं धरून, खांद्यात मान घालून बसली होती.

"ही का राहिली गं?"

"गणिताची वही संपली," बुटकी म्हणाली. "भाषेची बाईंकडे आहे, तपासायला."

"मग आधी आपली करायची ना. वही तुझी होती."

बुटकीने मान वर केली नाही. पुढच्या बाकावरच्या मुलाकडे बोट दाखवलं, मग पलीकडच्या मुलीकडे.

"हा रडतो. तिला उलटी होते. मला नुसतं धडधडतं."

लाँड्रीत मावशीच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. आत्ता ती पोरीच्या बोटांवरची वाळलेली खळ नखाने काढू लागली.

हेडमास्तर बाहेर गेले. नाव कमी करायचा कागद आणायला गेले असणार, असं तिला वाटलं. आले ते आपली खुर्ची घेऊन. जड, लाकडी, हातांची खुर्ची. ओढली तर आवाज होईल म्हणून उचलून, धापा टाकत. शिपाईमामा धावला, त्याला हात लावू दिला नाही. बुटकीचा बाक आणि कोरी काच यांच्या मधे त्यांनी ती ठेवली आणि काचेकडे पाठ करून बसले. देह चांगला भरभक्कम. त्या चौकटीत दुसरं काही दिसेनासं झालं.

"चालू द्या, बाई," ते म्हणाले.

बाईंनी फळ्यावर गुणाकार घातला. मावशी दारापाशी जाऊन उभी राहिली. तिकडे गिऱ्हाईक खोळंबलं असेल, खोळंबू दे.

दोन गणितं झाली. बुटकीचं दप्तर आधी मांडीवर आलं, मग खाली जमिनीवर गेलं. तिसऱ्या गणिताला तिने मान वर काढली, जरा डावीकडे वाकून पाहिलं, जरा उजवीकडे. मग एका बोटाने हेडमास्तरांच्या कोटाला टोचलं.

"सर, थोडं सरकता का? बाहेरचं दिसत नाही."