विठूच्या मुंग्या

देवजीने मुंग्यांना हळद वाहिली. वर चिमूटभर कुंकूही टाकलं. त्याच्या परसात, कुंपणाच्या अलीकडे, काळ्या मुंग्यांची चांगली जाड रांग लागली होती आणि तिच्यासमोर हा पन्नाशीचा गडी उकिडवा बसून हात जोडत होता. बायको धोंडीबाई दारातून बघत होती.

"आल्या गो," तो तिला म्हणाला. "शेवटी आपल्याकडं पण आल्या."

या मुंग्यांसाठी दीड वर्ष त्याचा जीव टांगणीला लागला होता. कुंपणापलीकडे त्याच्या धाकट्या भावाचं, विठूचं घर. अठरा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा दोघांना सारखीच भातखाचरं आली, सारखेच बैल आले. मग विठू लाकूडतोडीच्या कूपावर मुकादम झाला आणि सारखेपणा संपला. विठूच्या घरावर कौलं चढली. विठूच्या ताटात शहापूरच्या गिरणीतला पांढराशुभ्र भात आला, बशीत चार चमचे साखरेचा चहा आला. विठूचं पोट सुटलं. डोळखांबच्या बाजारात लोक देवजीला गाठून विचारायचे, "विठूशेट घरी हायत का?" देवजी मनात म्हणायचा, थोरला भाऊ होण्यापेक्षा विठूच्या दारचा कुत्रा झालो असतो तर जास्त मान मिळाला असता.

त्यात या मुंग्या. रोज सकाळी विठूच्या परसात, कुंपणाच्या कडेला, एकाच जागी जमायच्या. काळी मुंगी म्हणजे लक्ष्मीचं पाऊल, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. देवजी रोज कुंपणावरून डोकावून त्यांच्याकडे बघायचा. आधी त्याने कुंपणाच्या आपल्या बाजूला गुळाचा खडा ठेवून पाहिला. मुंग्यांनी गूळ खाल्ला आणि विठूकडे परत गेल्या. "मेल्या मुंग्या पण शेटच्याच," तो करवादला. मग तो गावदेवीला कोंबड्याचा नवस बोलला. "विठूला जेवढं दिलंस तेवढंच मला दे. दाणाभर कमी नको."

देवीवर सगळं टाकून तो स्वस्थ मात्र बसला नाही. विठू खातो ते आपणही खायचं म्हणून त्याने नाचणीची भाकरी सोडली, गिरणीचा भात धरला आणि चहात विठूपेक्षा एक चमचा साखर जास्त घातली. पुढे घशाला कोरड पडू लागली. रात्रीतून चारदा उठून तो तांब्याने पाणी प्यायचा, चारदा परसात कुंपणाकडे जायचा. धोंडीबाई म्हणायची, "भावाला बघून जळता, म्हणून पाणी पुरत नाय तुमाला." देवजीला ते पटायचं. जळत तर तो होताच.

आज मात्र मुंग्या त्याच्या परसात आल्या होत्या, आणि कधी नव्हे ते देवजीचं मन मोठं झालं. विठूच्या पायात महिन्यामागे करवंदीचा काटा गेला होता. जखम भरत नव्हती, अंगठा काळा पडत चालला होता. त्याचं सुटलेलं पोटही हल्ली आत गेलं होतं. देवजीने आपणहून बैल जुंपले आणि विठूच्या दारात गाडी उभी केली. "चल, शहापूरला डाक्तरकडं नेतो तुला." विठू बघतच राहिला. घरावर कौलं चढल्यापासून दादाने त्याच्या ओटीवर पाय ठेवला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठ्याला सुई टोचून पाहिली. विठूला ती कळलीसुद्धा नाही. मग त्यांनी त्याला बाटली देऊन मागच्या बाजूला पाठवलं. तो आल्यावर बाटलीतले थोडे थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल.

"लघवी करतोस तिथं मुंग्या लागतात का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागतात साहेब. कुंपणापाशी. दीड वरीस झालं."

देवजीने मान वर केली.

"तुझ्या लघवीतून साखर जाते आहे. मधुमेह म्हणतात याला. गोड बंद, भात अगदी थोडा. मुंबईहून औषध मागवून रोज सुई टोचावी लागेल. आणि हा अंगठा काढावा लागणार, नाहीतर पाय जाईल." डॉक्टरांनी देवजीकडे बोट करून विठूला विचारलं. "हा तुझा सख्खा भाऊ ना? हे दुखणं भावाभावांत असतं पुष्कळदा. याला तहान फार लागते का?"

देवजीने तोंड उघडायच्या आत विठू बोलला. "छ्या, दादाला काय नाय साहेब. दादा ठणठणीत." त्याने दोन्ही हातांनी आपला पाय धरला होता आणि डोळे गळत होते. "मुकादमी घ्या, कौलं घ्या माझी. काय करायचंय त्याचं? दादाचे पाय बघा कसे हायत. लय हेवा वाटतो मला दादाचा."

अठरा वर्षं देवजी या एका वाक्यासाठी जगला होता. आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर निदान गाव येईपर्यंत तरी तो हेवा त्याचा होता. पण त्याच्या तोंडात थुंकी उरली नव्हती, आणि बोटांना सकाळची हळद अजून तशीच होती. त्याने पुढे होऊन टेबलावरची दुसरी बाटली उचलली.

"आमची वाटणी सारखीच झालीय साहेब," तो म्हणाला. "माझं पण बघा."